सल्ला आणि गल्ला

एका पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक बाई वर्षभर एका आहारतज्ज्ञांकडे जात आहेत. सल्ला पटतो, तब्येतीत फरकही पडलाय. आता त्या तज्ज्ञांनी स्वतःच्या नावाची पावडर आणि केसांसाठी कॅप्सूल काढल्या आहेत, आणि प्रत्येक भेटीत त्यातलं काहीतरी कागदावर येतंच. ‘यात माझा फायदा आहे’ हे त्या लपवत नाहीत, उलट आधीच सांगून टाकतात. बाई विचारतात, सगळं इतकं उघड असेल तर बिघडलं कुठे? आणि घ्यायचं की नाही?

मी फिजिशियन आहे. ओपीडी चालवायला लागून २६ वर्षं झाली. त्यातली जवळपास तीन वर्षं माझ्या खुर्चीमागे एक काचेचं कपाट होतं. त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा मला इतरांपेक्षा जरा जास्त हक्क आहे, किंवा जरा कमी. तुम्हीच ठरवा.

कपाट आलं ते एका सप्लिमेंट कंपनीच्या माणसाबरोबर. माल ठेवा, खपेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ. कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, केसांच्या कॅप्सूल, सांध्यांसाठी एक पावडर. त्यात विषारी काही नव्हतं आणि डब्यांवर उघड खोटंही काही छापलेलं नव्हतं. पेशंटची दुकानापर्यंतची खेप वाचते, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंच होतं. अशी निम्मी खरी कारणं फार टिकाऊ असतात.

तिसऱ्या वर्षी पस्तिशीच्या एक बाई केस गळतात म्हणून आल्या. मी टाळू बघितली, केस ओढून बघितले, कॅप्सूल दिल्या. दोनेक महिन्यांनी त्यांनी नेहमीच्या तपासण्या करून घेतल्या, तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) जवळजवळ शून्य आणि फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) वाढलेला. रिपोर्ट वाचणारा कुणीही म्हणाला असता, थायरॉइड भलताच जोरात चाललाय. पण समोर बसलेल्या बाईंची नाडी ७२, हात पुढे करायला लावले तर बोटं स्थिर, वजन तेवढंच, झोप छान. रिपोर्ट आणि माणूस जुळत नव्हते. तरी मी रिपोर्टच्याच बाजूने झुकायला लागलो होतो. तेवढ्यात लॅबच्या पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. “पेशंट केसांसाठी काही घेतायत का?” मी केसपेपर उलटून बघितला आणि “नाही” म्हणालो.

केसपेपरवर खरंच काही नव्हतं. कपाटातलं केसपेपरवर जात नसे, ते बिलावर जात असे.

केसांच्या कॅप्सूलमध्ये बायोटिन होतं. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असतं. शरीराला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लॅबला होतो. अनेक मशीनमध्ये हॉर्मोन मोजायची पद्धतच बायोटिनच्या चिकटपणावर बेतलेली आहे. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त दिसतो, आणि हुबेहूब थायरॉइडच्या आजाराचं चित्र उभं राहतं. हार्ट अटॅकच्या निदानासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा यामुळे खोटी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि त्यात अशा चुकलेल्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता.

कॅप्सूल बंद केल्या. आठवड्याने पुन्हा रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: केस गळायला लागायच्या दोन-तीन महिने आधी काही मोठं आजारपण झालं होतं का? झालं होतं. चांगला दहा दिवस ताप. तापानंतर, बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप थांबतात. त्याला औषध लागत नाही, धीर लागतो. हे समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?”

मी त्यांना फसवलं नव्हतं. कमिशनचा विचार त्या क्षणी डोक्यात आलाही नव्हता. मी तापाबद्दल विचारलं नाही, कारण उत्तर पाठीमागच्या कपाटात तयार होतं. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं तो प्रश्न विचारायचं सोडतो, आणि तसं सोडलेलं त्याचं त्यालाही कळत नाही. तुमच्या आहारतज्ज्ञ प्रामाणिक आहेत का, हा प्रश्न मला म्हणूनच थोडा बाजूचा वाटतो. असतील. मीही होतो.

‘माझ्यावर परिणाम होत नाही’ असं प्रत्येकाला वाटतं, आणि हे मोजलेलं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत निवासी डॉक्टरांना विचारलं होतं की औषध कंपन्यांच्या भेटवस्तूंचा आणि प्रचाराचा तुमच्या लिहिण्यावर परिणाम होतो का. ६१ टक्के म्हणाले, माझ्यावर होत नाही. बाकीच्या डॉक्टरांवरही होत नाही असं म्हणणारे मात्र फक्त १६ टक्के होते. शेजाऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना दिसतं. २०१६ साली अमेरिकेतच डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून मिळालेली जेवणं आणि त्यांची प्रिस्क्रिप्शन्स ताडून बघितली गेली. सरासरी २० डॉलरपेक्षाही कमी किमतीचं एकच जेवण घेतलेले डॉक्टर त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जेवण न घेतलेल्यांपेक्षा जास्त लिहीत होते. एका जेवणाने कोण विकला जातो? कुणीच नाही. पण त्या औषधाचं नाव ओळखीचं होतं आणि पेन चालायला तेवढं पुरतं.

वस्तू स्वतःच्याच मालकीची असली की फरक आणखी ठळक होतो. १९९० चा एक अभ्यास मी नव्या डॉक्टरांना नेहमी सांगतो. पाठदुखी, सर्दी-खोकला अशा त्याच तक्रारी, तसेच पेशंट. ज्या डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात एक्स-रे किंवा सोनोग्राफीचं मशीन होतं, त्यांनी इमेजिंग करायला लावण्याचं प्रमाण बाहेर पाठवणाऱ्यांच्या चार ते साडेचार पट होतं. हे सगळे लबाड नव्हते. मशीन हाताशी आहे, शंका तर आहेच, मग बघून टाकू की! माझ्या कपाटाचंही हेच चालायचं.

आता ‘त्या उघड सांगतात’ या मुद्द्याकडे येतो, कारण बहुतेक लोक इथेच निश्चिंत होतात.

२००५ मध्ये केन, लोवेनस्टाइन आणि मूर या तीन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका बरणीत नाणी. एकाने लांबून बघून एकूण रक्कम ओळखायची, दुसऱ्याने बरणी जवळून बघून त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना बक्षीस होतं ते अंदाज जास्त निघाला तर. म्हणजे रक्कम फुगवून सांगण्यात त्यांचा फायदा. मग काही जोड्यांमध्ये हा फायदा समोरच्याला उघड सांगितला गेला. अपेक्षा अशी की ऐकणारा सावध होईल आणि हिशोब बरोबर बसेल. झालं उलटं. एकदा सांगून टाकल्यावर सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. आता सांगितलंय ना, मग त्याचं तो बघून घेईल! ऐकणाऱ्यांनी आकडे थोडे कमी धरले, पण पुरेसे नाहीत. शेवटी उघड सांगितलेल्या जोड्यांमध्येच ओळखणाऱ्यांचे अंदाज जास्त चुकले.

सुनीता साह या संशोधिकेने पुढे अशाच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला ओपीडीत रोज दिसते. सल्ला देणाऱ्याने ‘यात माझा फायदा आहे’ असं तोंडावर सांगितलं की ऐकणाऱ्याचा विश्वास कमी होतो, पण नाही म्हणणं मात्र जास्त अवघड होतं. कारण आता नकार दिला तर त्याचा अर्थ ‘तुम्ही लोभी आहात’ असा होतो. समोरासमोर बसून असं कोण सुचवेल? म्हणून माणूस मनात नसताना घेतो. तीच माहिती तिसऱ्या कुणाकडून कळली, किंवा निर्णय नंतर एकट्याने घ्यायची मोकळीक असली, की हा दबाव कमी होतो. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘त्यांना वाईट वाटेल म्हणून पहिला डबा घेतला’. ते वाचून मला हेच आठवलं.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्न माणसाला लावतो. मला मात्र ती आमच्या धंद्याची व्याख्या वाटते. गरज सरावी, पेशंटने पाठ फिरवावी, विसरून जावं. ज्याचं उत्पन्न दर महिन्याला संपणाऱ्या डब्यावर आहे त्याला गरज सरणंच परवडत नाही. अशा ठिकाणी दोन वाक्यं हळूहळू ऐकू येईनाशी होतात. एक, ‘तुम्हाला काही लागत नाही’. दुसरं, ‘आता बंद करा’. कपाट काढून टाकल्यावर मी त्या तीन वर्षांचे कागद चाळले होते. सुरू केल्याच्या नोंदी बिलांवरून काढता आल्या. बंद केल्याची नोंद कुठेच नव्हती, त्या थायरॉइडवाल्या बाईंची सोडून.

फरक पडला की नाही हे ठरवणारेही तेच, हा आणखी एक घोळ. बरं वाटलं तर पावडरीने. नाही वाटलं तर डोस कमी पडतोय. त्रास झाला तर शरीर ‘डिटॉक्स’ होतंय, म्हणजे उलट शुभलक्षण. ज्यात हरण्याची सोयच ठेवलेली नाही त्याला मी उपचार म्हणत नाही.

हे दुखणं जुनं आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने आपल्या सिसिलीच्या राज्यात कायदाच केला होता की वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करायची नाही आणि स्वतःचं औषधाचं दुकानही काढायचं नाही. अलीकडचं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे डॉक्टरच औषधं लिहायचे आणि विकायचेही. २००० साली सरकारने दोन्ही वेगळं केलं, डॉक्टर संपावर गेले, तरी कायदा टिकला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की विषाणूमुळे होणाऱ्या आजारांत, जिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो, ते लिहिण्याचं प्रमाण साधारण ८१ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर आलं. जिवाणूंच्या आजारांत, जिथे ते लागू शकतं, तिथे फारसं हललं नाही. ७३ टक्के हा आकडा काही अभिमानाचा नाही. पण कमी झालं ते नेमकं नको तिथलं, आणि तेही नैतिकतेचं व्याख्यान न देता, फक्त गल्ला वेगळ्या टेबलावर ठेवून.

(वेगळं केलं की सुटलं असंही नाही. लिहिणारा आणि विकणारा यांच्यात पाकीट फिरायला लागलं की कपाट फक्त भिंतीपलीकडे जातं.)

आता अशा लोकांबद्दल, जे स्वतःला या सगळ्याच्या विरोधातले म्हणवतात. ‘औषध कंपन्यांचा बाजार आहे, डॉक्टर त्यांचे मिंधे आहेत, म्हणून माझं ऐका.’ पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो, म्हणूनच दुसरा गळी उतरतो. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा शोधनिबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १२ मुलांच्या माहितीवरून त्याने एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. कंपन्यांविरुद्ध उभा राहिलेला एकटा डॉक्टर अशी त्याची प्रतिमा झाली. नंतर बाहेर आलं की लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून तो पैसे घेत होता, आणि १९९७ मध्येच त्याने गोवराच्या वेगळ्या लशीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. तोपर्यंत लशी चुकवलेल्या मुलांची एक पिढी झाली होती.

ग्रीन कॉफीचं प्रकरण याहून क्षुल्लक, पण शिकण्यासारखं. २०१२ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात एका पाहुण्याने या कॉफीच्या अर्काने वजन कमी होतं म्हणून त्याचं कौतुक केलं. आधार होता १६ जणांवरचा एक अभ्यास, जो २०१४ मध्ये मागे घेतला गेला. कार्यक्रमाला यायचं ठरल्यानंतर पाहुण्याने स्वतःच तो अर्क विकायला काढला होता आणि पडद्यावर त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. २०१५ मध्ये ९० लाख डॉलर भरून त्याला प्रकरण मिटवावं लागलं. ज्या बायकांनी घरी बसून ते बघितलं त्यांना दिसला तो तज्ज्ञ. दुकानदार दिसलाच नाही.

वस्तूंपेक्षा मला जास्त काळजी तपासण्यांची वाटते. वस्तू विकायची तर आधी कमतरता लागते, आणि कमतरता तपासणीतून तयार करता येते. १९८५ मध्ये दोन निरोगी मुलींचे केस वेगवेगळ्या नावांनी १३ व्यापारी लॅबकडे पाठवून बघितले गेले. एकाच डोक्याचे केस, पण खनिजांचे आकडे लॅबगणिक वेगळे, आणि सहा लॅबनी वर सप्लिमेंटही सुचवली, तीही प्रत्येकाची वेगळी. आज याच जातीची एक तपासणी ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ या नावाने चालते, रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांवरून. युरोपच्या अॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे की आयजीजी-फोर (या प्रतिपिंडांचाच एक प्रकार) सापडलं म्हणजे तो पदार्थ पोटात गेल्याची खूण, आजाराची नाही. २०२५ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवरच्या ९८२ पोस्टचा अभ्यास आला. विषय होता निरोगी लोकांना सुचवल्या जाणाऱ्या पाच तपासण्या. ८७ टक्के पोस्टमध्ये फायदे सांगितले होते, तोट्यांचा उल्लेख जेमतेम १५ टक्क्यांत होता, आणि सांगणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांचा त्यात आर्थिक फायदा होता.

‘घेतलं तर नुकसान तर नाही ना?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक चाचणी झाली होती. बीटा-कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. गाजराला रंग देणाऱ्या एका निरुपद्रवी पदार्थाची ही गोष्ट. प्रत्येक कॅप्सूल अशी असते असं मुळीच नाही. पण ‘साधं व्हिटॅमिन आहे’ हे वाक्य मी कपाटाच्या दिवसांत फार सहज वापरलं, म्हणून आता जपून वापरतो.

विकणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. अर्धा तास नीट ऐकून घेऊन ‘काही नको, चालत राहा’ असं सांगितलं की फी देताना माणसाचा हात आखडतो. हातात डबा ठेवला की तोच माणूस दुप्पट पैसे खुशीने मोजतो. सल्ल्याची किंमत कुणी करत नाही, म्हणून सल्ला देणारे डबे विकायला लागतात, हे मी तुमच्या आहारतज्ज्ञांच्या बाजूने म्हणतोय. आणि काही विक्री रास्तही असते. जवळ औषधाचं दुकान नाही, अपरात्रीची वेळ आहे, पहिला डोस लगेच द्यायचाय, तर डॉक्टरने देऊ नये असं कोण म्हणेल? नफा न ठेवता, पर्याय सांगून दिलेली वस्तू मला खटकत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेचाही रोख साधारण तोच आहे: आपला आर्थिक फायदा सांगा आणि ज्याला शास्त्रीय आधार नाही ते विकू नका. पहिली अट सगळे पाळतात, कारण ती सोपी आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे सोयीचीही.

तर तुम्ही काय करावं? त्यांना सोडा असं मी म्हणणार नाही. वर्षभर उपयोग झालाय तो बहुधा त्यांच्या सल्ल्याचा, आणि तो पावडर यायच्या आधीपासूनचा आहे. पुढच्या भेटीत कागदावर काही आलं तर तिथे ‘हो’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. “घरी जाऊन ठरवते” एवढंच. मग तीन गोष्टी विचारा. हे नाही घेतलं तर काय होईल? कधी बंद करायचं? आणि कशावरून कळेल की उपयोग होत नाहीये? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात किंवा तारखेत मिळालं तर चांगली खूण. ‘तुम्हालाच जाणवेल’ असं मिळालं तर पाकीट खिशातच राहू द्या. शेवटी सहज म्हणून विचारा की हेच घटक दुसऱ्या कंपनीचे घेतले तर चालेल का. वस्तू खरंच गरजेची असेल तर त्या हो म्हणतील. ‘आमच्यासारखं दुसरीकडे मिळत नाही’ असं ऐकू आलं तर सल्ल्याची फी द्या, सल्ला घ्या, डबा राहू द्या.

आणि त्या केसांच्या कॅप्सूल तुम्ही आधीच घेत असाल तर आज डबा फिरवून मागची बाजू वाचा. बायोटिन किती आहे ते बघा आणि तो आकडा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहायला सांगा, औषधांच्या रांगेत. पुढची रक्ततपासणी असेल तेव्हा लॅबला आधी फोन करून विचारा की किती दिवस आधी बंद करू. साधारणपणे निदान दोन दिवस सांगतात, डोस मोठा असेल तर जास्त. पत्रात तुम्ही थायरॉइडच्या गोळ्यांचाही उल्लेख केला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. शेवटच्या रिपोर्टवरून तुमचा डोस बदलला असेल आणि तेव्हा या कॅप्सूल चालू असतील, तर तो रिपोर्ट पुन्हा करून घ्या.